असंभवाचे तारण

प्रश्नाचे स्वरूप

मनगटावरील यंत्राची कळ दाबताच माणूस दिसेनासा होतो, पण तांबड्या काचेतून किंवा तांबड्या प्रकाशात पाहिले असता तो दिसतो, असा एक नियम १९८७ साली 'मिस्टर इंडिया' या हिंदी चित्रपटाने प्रेक्षकांपुढे ठेवला. आणि हा अपवाद तांबड्या रंगालाच का, माणसाबरोबर त्याचे कपडेही अदृश्य कसे होतात, अशी कोणतीही पृच्छा न करता देशभरच्या प्रेक्षकांनी तो मान्य केला, इतकेच नव्हे तर पडद्यावर तांबडी छटा दिसू लागली की नायकाच्या काळजीने त्यांचा जीव खालीवर होऊ लागला. पुढे एकवीस वर्षांनी, २००८ साली, 'लव्ह स्टोरी २०५०' या चित्रपटाने भविष्यकाळातील मुंबई, हवेतून धावणाऱ्या मोटारी आणि यंत्रमानव असा मोठा खर्चिक संसार उभा केला, तेव्हा त्याच देशातील प्रेक्षकांनी त्याकडे पाठ फिरवली. वस्तुतः विज्ञानाच्या कसोटीवर उडती मोटार ही अदृश्य माणसापेक्षा पुष्कळच शक्य कोटीतली गोष्ट आहे. तेव्हा जे अधिक असंभाव्य ते तरले आणि जे कमी असंभाव्य ते बुडाले, असा हा उलटा न्याय झाला. आणि कल्पना वास्तवापासून किती दूर गेली आहे या अंतरावर विज्ञानपटाचे भवितव्य ठरत नसेल तर ते कशावर ठरते, हा वाद तेथून सुरू होतो.

या वादाचा आढावा मराठवाड्यातील येरमाळ्यासारख्या गावी बसून घेण्यात काहींना विसंगती वाटेल. मला त्यात सोय दिसते. बालाघाटाच्या टेकडीवरील येडेश्वरीच्या पायथ्याशी चैत्री पौर्णिमेच्या यात्रेत लाखो माणसे जमतात आणि श्रद्धेने चुनखडीचे खडे वेचतात. लोकोत्तराला बिचकावे असा येथील माणसाचा स्वभाव नाही. परंतु तो भाबडाही नाही, कारण टेकडीवर माथा टेकणारा हाच शेतकरी मृगाच्या तोंडावर बियाण्याच्या पिशवीवरील मजकूर दोनदा वाचून घेतो. असंभवावर विश्वास ठेवायचा की नाही याचा निवाडा तो मनातल्या मनात रोज करीत असतो, फक्त त्यावर लेख लिहीत नाही. चित्रपटाच्या प्रेक्षकाचे याहून निराळे नाही. तो असंभवाला उधारी देण्यास तयार असतो. पण त्यासाठी काही तारण मागतो. ते तारण कोणते, याविषयी जाणकारांत जे मतभेद आहेत ते क्रमाने पाहू.

पूर्वपीठिका

चित्रपट आणि चमत्कार यांचा संबंध जन्मापासूनचा आहे. जुलै १८९६ मध्ये मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चलच्चित्रे दाखविण्यात आली तेव्हा चित्र हलते हाच चमत्कार होता. सहा वर्षांनी मेलिएस या फ्रेंच जादूगाराने तोफेच्या तोंडून माणसे चंद्रावर धाडली आणि चंद्राच्या डोळ्यात रुतलेले यान पाहून कोणी न्यूटनचा दाखला मागितला नाही. आपल्याकडचे दादासाहेब फाळके हेही छायाचित्रण, मुद्रण आणि जादूचे प्रयोग अशा उद्योगांतून चित्रपटाकडे आलेले. आडनावाची अक्षरे उलटी करून ते 'प्रोफेसर केळफा' या नावाने जादू दाखवीत. १९१७ च्या 'लंकादहना'त त्यांचा मारुती आकाशमार्गे गेला, १९३६ साली दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'मध्ये तुकोबांना न्यायला वैकुंठाचे विमान उतरले, आणि १९४० च्या 'संत ज्ञानेश्वर'मध्ये भिंत चालली. हे दोन्ही चित्रपट काढणाऱ्या प्रभात कंपनीच्या कलाकारांनी ही दृश्ये अपार मेहनतीने रचली होती. तरी आजच्या डोळ्यांना त्यांतील शिवण दिसते, आणि दिसूनही भाव उणावत नाही, ही बाब पुढील विवेचनासाठी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

दुसरा प्रवाह ग्रंथांचा. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर 'केरळकोकिळ' मासिकाने ज्यूल व्हर्नची चंद्रयात्रा मराठीत आणली, श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा त्यानंतरच्या आरंभीच्या प्रयत्नांत गणली जाते. आणि पुढे भा. रा. भागवतांनी व्हर्नचे मुलूख मराठी मुलांच्या ओळखीचे करून सोडले. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. तिच्या कथास्पर्धेत १९७४ साली 'कृष्णविवर' या कथेला पहिले पारितोषिक मिळाले, आणि नारायण विनायक जगताप या नावाने ती धाडणारे गृहस्थ म्हणजे आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी केलेले जयंत विष्णु नारळीकर आहेत असे उघड झाले. (फाळके आणि नारळीकर या दोघांनाही असंभवाच्या प्रांतात शिरताना आपले नाव उलटे करावेसे वाटले, हा निव्वळ योगायोग, तरी मौजेचा.) दुसऱ्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षा दुर्गा भागवत यांनी या नव्या कथेची आवर्जून दखल घेतली. लक्ष्मण लोंढे, बाळ फोंडके, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांनी हा प्रवाह वाढविला, आणि मराठी विज्ञानकथा भारतीय भाषांत अग्रगण्य ठरली. इतके असून ती मराठी पडद्याकडे जवळजवळ वळलीच नाही, हे कोडे शेवटच्या भागात पुन्हा घ्यावे लागेल.

पडद्यावरील विज्ञानकल्पना आपल्याकडे निराळ्या वाटांनी आली. हिंदीत 'मिस्टर एक्स' (१९५७) आणि 'मिस्टर एक्स इन बॉम्बे' (१९६४) यांनी एच. जी. वेल्सच्या अदृश्य माणसाला गाणी म्हणायला लावले. तमिळ 'कलै अरसी' (१९६३) मध्ये परग्रहावरचे लोक पृथ्वीवर येतात ते येथील संगीत शिकविणारा माणूस पळवून नेण्यासाठी, ही कल्पना मला व्यक्तिशः फार मनोज्ञ वाटते. आणि नील आर्मस्ट्राँगच्या दोन वर्षे आधी, १९६७ साली, दारासिंग 'चाँद पर चढाई' करून आले. त्याच सुमारास सत्यजित राय यांनी बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात उतरणाऱ्या परग्रहवासीयाची पटकथा लिहून ती हॉलिवूडपर्यंत नेली होती, पण तो चित्रपट झालाच नाही. पुढे १९९४ साली 'जुरासिक पार्क' हिंदीत बोलू लागला, आणि इंग्रजी न जाणणारा प्रेक्षकही पाश्चात्त्य विज्ञानपटांचा गिऱ्हाईक झाला. तेथपासून आपल्या चित्रपटांची तुलना हॉलिवूडशी होऊ लागली. आणि आजचा वाद खऱ्या अर्थाने त्या तुलनेतून उद्भवला आहे.

शास्त्रशुद्धतेचा पक्ष

पहिला पक्ष वैज्ञानिकांचा आणि विज्ञानलेखकांचा. नारळीकरांची भूमिका सर्वश्रुत आहे: विज्ञानकथेत कल्पनेने भरारी मारावी, परंतु ती ज्ञात विज्ञानाच्या पायावरून मारावी, आणि भुताखेतांच्या किंवा चमत्काराच्या गोष्टीला यंत्राचा अंगरखा चढविल्याने ती विज्ञानकथा होत नाही. या पक्षाच्या मते वाईट विज्ञानपट फसतो तो त्याचा पाया खोटा असल्यामुळे, आणि तो खोटेपणा प्रेक्षकाला नेमका सांगता आला नाही तरी जाणवतो. दाखला म्हणून 'इंटरस्टेलर' (२०१४) पुढे करतात. किप थॉर्न या भौतिकशास्त्रज्ञांनी, ज्यांना पुढे २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले, दिलेल्या समीकरणांवरून त्यातील कृष्णविवर संगणकावर रेखाटले गेले, आणि ते पाहण्यासाठी २०२५ च्या फेब्रुवारीत, म्हणजे दहा वर्षांनी, भारतातील मोठ्या पडद्यांपुढे पुन्हा गर्दी लोटली.

या पक्षाविरुद्धचा पुरावाही वजनदार आहे. १९९८ साली आकाशातून पृथ्वीवर कोसळू पाहणाऱ्या गोळ्याविषयी दोन चित्रपट काही आठवड्यांच्या अंतराने आले. त्यांपैकी 'डीप इम्पॅक्ट' हा विज्ञानाशी त्यातल्या त्यात इमान राखणारा, तर 'आर्मगेडन' हा तेलविहिरी खणणाऱ्या कामगारांना घाईघाईने अंतराळवीर करून लघुग्रहावर पाठविणारा, आणि ज्याच्या चुका मोजणे हा शास्त्रज्ञांचा विरंगुळा झाला असा. दोन्ही चालले, पण तिकिटांच्या हिशेबात दुसरा पहिल्याच्या बराच पुढे राहिला. 'द मार्शियन' (२०१५) हा अलीकडील सर्वांत काटेकोर विज्ञानपटांपैकी एक. परंतु ज्या वादळामुळे त्याचा नायक मंगळावर एकटा मागे राहतो ते वादळ तेथे होणेच शक्य नाही, कारण मंगळावरील हवेचा दाब पृथ्वीवरच्या दाबाच्या जेमतेम एक टक्का आहे आणि एवढ्या विरळ वाऱ्याला यान उलथविण्याइतके बळ येत नाही. मूळ कादंबरीकाराला हे ठाऊक होते आणि त्याने ते लपविलेही नाही. आरंभीचे हे एक असत्य सोडले तर पुढचा बहुतेक हिशेब चोख आहे. आणि येथेच दुसऱ्या पक्षाला तोंड फुटते.

नियमाचा पक्ष

या पक्षाचे प्राचीनतम वकील ॲरिस्टॉटल. न पटणाऱ्या शक्य गोष्टीपेक्षा पटणारी अशक्य गोष्ट नाटककाराने पत्करावी, हा त्याचा अभिप्राय. १९३३ साली एच. जी. वेल्सने आपल्या विज्ञानकादंबऱ्यांच्या संग्रहाला प्रस्तावना जोडून हेच तत्त्व कारागिराच्या भाषेत सांगितले: अशक्य अशी एकच गोष्ट घ्यावी, वाचकाला ती चटकन मान्य करायला लावावी, आणि त्यानंतर बाकीचे सर्व जग नेहमीच्या माणसांचे आणि नेहमीच्या अडचणींचे ठेवावे, काहीही घडू शकते असे एकदा झाले की कशातच गोडी उरत नाही. १९३९ साली परीकथांवर व्याख्यान देताना टॉल्किनने त्याला पुस्ती जोडली की लेखक एक दुय्यम जग निर्मितो आणि त्या जगाच्या कायद्याला धरून असेल ते तेथे सत्य असते. कायदा मोडला की श्रोता बाहेर फेकला जातो.

'मिस्टर इंडिया'ची तांबडी काच या पक्षाच्या दफ्तरातील अव्वल दस्तऐवज मानावी लागेल. वेल्सच्या मूळ अदृश्य माणसाला थंडी वाजते, त्याने खाल्लेले अन्न पचेपर्यंत दिसत राहते, त्याची पावले उमटतात; अदृश्य होणे ही जितकी शक्ती तितकीच ती आपत्ती ठरते. 'मिस्टर इंडिया'चे लेखक सलीम-जावेद यांनी अडचणींची ती सारी यादी एका रंगात आटोपली. नियम लहान मुलाला कळेल इतका सोपा, आणि चित्रपटभर एकाच रीतीने चालणारा. पडद्यावर ते साधले पीटर परेरा यांच्या कॅमेऱ्यातील करामतींनी, संगणकाशिवाय. आणि आजही ती दृश्ये हास्यास्पद वाटत नाहीत, याचे श्रेय करामतीइतकेच नियमालाही आहे.

तथापि, नियम ठाऊक असणे म्हणजे यश हाती असणे नव्हे, याचा साक्षीदार स्वतः वेल्सच आहे. १९२७ साली फ्रिट्झ लांगचा 'मेट्रोपोलिस' आला तेव्हा त्याच्यावर सर्वांत कडक टीका करणाऱ्यांत वेल्स होता. यंत्रे वाढली की गुलाम वाढतात हे अर्थशास्त्रदृष्ट्या कसे संभवते, असा त्याचा सवाल. पुढे १९३६ साली त्याने स्वतः 'थिंग्ज टु कम' या चित्रपटाची पटकथा लिहिली, आणि तिच्यात तर्क, नियम, भविष्याचा आराखडा हे सर्व असूनही तो चित्रपट खर्चाच्या मानाने यशस्वी ठरला नाही. 'मेट्रोपोलिस'ही त्या काळी निर्मात्या कंपनीला जड गेला होता. फरक इतकाच की आज जगभर पाहिला जातो तो लांगचा. वेल्सच्या चित्रपटाची आठवण अभ्यासक काढतात.

भावनेचा पक्ष

तिसरा पक्ष व्यवसायातील अनुभवी माणसांचा आहे आणि त्यांचे म्हणणे थोडक्यात सांगता येते: प्रेक्षक यानासाठी येत नाही, यानातून कोण घरी परतते यासाठी येतो. 'ई.टी.' मधील एकाकी मुलगा, 'कोई... मिल गया' (२००३) मधील बालबुद्धी रोहित आणि त्याची आई, 'एन्थिरन' (२०१०) मध्ये प्रेम जडल्याने बिघडलेला यंत्रमानव, ही त्यांची उदाहरणे; आणि 'इंटरस्टेलर'च्या गर्दीचे कारणही त्यांच्या मते समीकरणांत नसून बाप-लेकीच्या ताटातुटीत आहे. मुद्दा खरा आहे, परंतु तो गरजेहून अधिक सिद्ध करतो. भावना सर्वच चित्रपटांना लागते. 'लव्ह स्टोरी २०५०' मध्येही प्रेयसीचा मृत्यू, विरह, तिच्या शोधार्थ कालप्रवास अशी भावनेची सामग्री भरपूर होती. तिने त्या चित्रपटाला तारले नाही.

प्रख्यातीचा पक्ष

चौथ्या पक्षाची बाजू चित्रपटसमीक्षेत क्वचितच ऐकू येते, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबतो. दहाव्या-अकराव्या शतकाच्या संधिकाळातील काश्मीरी पंडित अभिनवगुप्त याने नाट्यशास्त्रावरील आपल्या टीकेत रसास्वादाच्या मार्गातील सात विघ्ने सांगितली आहेत, आणि त्यांतले पहिले विघ्न म्हणजे संभावनेचा अभाव: समोर चाललेली गोष्ट घडू शकते असेच जर प्रेक्षकाला वाटले नाही तर त्याचे चित्त तिच्यात विसावणार कसे? रा. प. कंगले यांच्या 'रस-भाव-विचार' या ग्रंथामुळे हा विचार मराठी वाचकाला सुलभ झाला आहे. सामान्य घटनांच्या बाबतीत प्रेक्षकाचे हृदय अनुभवाच्या बळावर संवाद साधते. लोकोत्तर घटनांसाठी मात्र, जसे समुद्र ओलांडणे, अभिनवगुप्त रामादिकांसारख्या प्रख्यात नायकांची योजना सुचवितो, कारण पिढ्यान्‌पिढ्यांच्या प्रसिद्धीने त्यांच्याविषयीचा प्रत्यय प्रेक्षकाच्या मनात आधीच रुजलेला असतो. म्हणजे असंभवाला जामीन राहतो तो शास्त्र किंवा नियम नसून पूर्वपरिचय.

या दृष्टीने पाहता प्रभातच्या विमानाचा आणि चालत्या भिंतीचा उलगडा होतो. तेलुगू 'आदित्य ३६९' (१९९१) मधील कालयंत्र भूतकाळात जाते तेव्हा कृष्णदेवरायाच्या विजयनगरातच का उतरते, हेही ध्यानात येते. आणि 'कल्की २८९८ एडी' (२०२४) ने आठशेहून अधिक वर्षांपलीकडचे उजाड जग दाखविताना अश्वत्थाम्याला हाताशी का धरले, हेही. या पक्षाला सर्वांत सूक्ष्म दाखला नागपूरच्या आरती कडव यांच्या 'कार्गो' (२०१९) या लहान खर्चाच्या हिंदी चित्रपटाने दिला आहे. मृतांना पुनर्जन्मासाठी सिद्ध करणारे अंतराळयान, त्यावर नोकरी करणारा प्रहस्त नावाचा राक्षस, यानाचे नाव पुष्पक, आणि एकंदर कारभार एखाद्या सरकारी कचेरीसारखा कंटाळवाणा. पुराणाचे नाव आणि कचेरीचा शिरस्ता या दोन परिचित गोष्टींच्या मध्ये असंभव अलगद बसून जातो.

परंतु प्रख्यातीचा आधार सर्वांनाच लाभत नाही. 'रा.वन' (२०११) ने खलनायकाच्या नावातच रावण आणला, दृश्यकरामतींना राष्ट्रीय पुरस्कार मिळविला, आणि तरी एवढ्या अपेक्षेच्या मानाने तो प्रेक्षकांना तृप्त करू शकला नाही; 'लव्ह स्टोरी २०५०' तर पुनर्जन्मावरच उभा होता. उलट 'संत तुकाराम'ला १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरव मिळाला, आणि त्या परीक्षकांना तुकोबा प्रख्यात असण्याचा संभव नव्हता. अभिनवगुप्ताचा सिद्धांत यामुळे खोटा पडत नाही. मात्र त्याची हद्द कोठे संपते, हे अजून कोणी आखून दिलेले नाही.

एकच कल्पना, दोन मुलूख

या चार पक्षांची परीक्षा घेण्यास मराठीत एक सोयीचे साधन आहे. तेच असंभव परदेशी पडद्यावर आणि मराठी पडद्यावर निरनिराळ्या कारणाने घडताना आपल्याला पाहता येते.

अमेरिकी 'चाइल्ड्स प्ले' (१९८८) मध्ये मरणाऱ्या खुन्याचा आत्मा वूडू मंत्राने बाहुल्यात शिरतो. महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) मध्ये तात्या विंचूचा आत्मा मृत्युंजय मंत्राने बाहुल्यात शिरतो, आणि तो बाहुला रामदास पाध्ये यांच्या घरचा असतो, म्हणजे बोलक्या बाहुल्यांच्या ज्या खेळाशी मराठी माणूस आधीच परिचित होता त्याच घराण्यातला. 'व्हॉट विमेन वॉन्ट' (२०००) मध्ये न्हाणीघरात विजेचा धक्का बसल्याने नायकाला स्त्रियांच्या मनातले ऐकू येऊ लागते. केदार शिंदे यांच्या 'अगं बाई अरेच्चा!' (२००४) मध्ये हीच शक्ती देवीच्या कृपेने येते. विजेचा धक्का हे निदान दिसायला तरी वैज्ञानिक कारण होते. मराठी चित्रपटाने ते टाकून देवी घेतली आणि प्रेक्षकांनी त्याला उदंड आश्रय दिला. येडेश्वरी आणि तुळजाभवानी यांच्या मुलखात राहणाऱ्याला यात नवल वाटणार नाही: देवी नवसाला पावते एवढा एक नियम मान्य केला की पुढचे सर्व घरगुती, आणि हसू येते ते त्या घरगुतीपणाचे. येथे प्रख्यातीचा पक्ष आणि वेल्सचा नियम हे दोन्ही एकाच वेळी लागू पडतात, एवढी नोंद करणे अगत्याचे आहे.

याच्या जोडीला 'फुंतरू' (२०१६) ठेवावा. 'शाळा'सारखा नाजूक चित्रपट देणारे सुजय डहाके यांनी अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका मुलाने प्रिय मुलीची प्रकाशप्रतिमा, म्हणजे होलोग्राम, घडविल्याची गोष्ट सांगितली. तीत देवी नाही, मंत्र नाही. कारण संपूर्णपणे तंत्रज्ञानाचे. मराठीत असे धाडस विरळ, आणि तरुण प्रेक्षकांना परिचित वातावरण त्यात होते. पण त्याला 'अगं बाई अरेच्चा!'सारखे यश लाभले नाही. प्रख्यातीचा पक्ष म्हणेल, होलोग्रामला मराठी मनात जामीनदार नव्हता. शास्त्रशुद्धतेचा पक्ष म्हणेल, होलोग्राम स्वतः विचार करू लागतो तेथे विज्ञान सुटले. माझे मत पहिल्याकडे झुकते. परंतु एका चित्रपटावरून एवढा मोठा निकाल देणे अन्यायाचे होईल, आणि दुसरा चित्रपट तुलनेला उपलब्ध नाही, हीच मुख्य अडचण आहे.

यशाचा जमाखर्च

आतापर्यंत यश हा शब्द जणू त्याचा अर्थ ठरलेला आहे अशा रीतीने वापरला. चित्रपटव्यवसायात तो तसा ठरलेला नाही. वितरणासाठी देशाचे जे विभाग पाडले आहेत त्यांत धाराशिवसह मराठवाडा हा आजही निजाम टेरिटरीत मोडतो. संस्थान १९४८ सालीच खालसा झाले, पण वितरकांच्या वह्यांत निजामाची सनद अबाधित आहे. आमच्या भागातील माणूस पूर्वी सिनेमासाठी बार्शीची वाट धरी, तेव्हा तो नकळत एका टेरिटरीतून दुसरीत जात असे, कारण बार्शी सोलापूर जिल्ह्यातली, म्हणजे जुन्या इंग्रजी अमलातली. एकच चित्रपट एका विभागात नफ्यात आणि लगतच्या विभागात तोट्यात जाऊ शकतो. कोणत्या किमतीला हक्क घेतले यावरही ते अवलंबून असते. 'जॉन कार्टर' (२०१२) पाहायला जगभर थोडीथोडकी माणसे गेली नाहीत, पण खर्च इतका अवाढव्य होता की डिस्ने कंपनीला सुमारे वीस कोटी डॉलरची रक्कम बुडीत खाती टाकावी लागली. तो चित्रपट असंभाव्यतेमुळे पडला की हिशेबामुळे, याचा निर्णय केवळ तिकिटांच्या आकड्यांवरून करता येत नाही.

काळाचा हिशेब याहून कठीण. जून १९८२ मध्ये 'ई.टी.' आणि 'ब्लेड रनर' एकाच महिन्यात आले. पहिल्याने विक्रम केले, दुसरा तेव्हा पडला. आणि अकराच वर्षांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपटसंग्रहात जतनासाठी त्याची निवड झाली. आपल्याकडे राही अनिल बर्वे यांचा 'तुंबाड', जो विज्ञानपट नसला तरी असंभवाचाच चित्रपट आहे आणि ज्याचे बीज नारायण धारपांच्या कथेत आहे, ऑक्टोबर २०१८ मध्ये बेताचा चालला. सप्टेंबर २०२४ मध्ये तो पुन्हा लावला तेव्हा त्याने पहिल्या खेपेपेक्षा अधिक उत्पन्न मिळविले. चित्रपट तोच, नियम तोच, त्यातला दैत्य हस्तर तोच; बदलला तो प्रेक्षक, किंवा त्या प्रेक्षकाच्या कानी मधल्या सहा वर्षांत पडलेली कीर्ती. अभिनवगुप्ताचा अनुयायी येथे म्हणू शकेल की चित्रपट स्वतःच प्रख्यात झाला आणि स्वतःचा जामीन आपणच राहिला. 'इंटरस्टेलर'च्या पुनरागमनालाही हे स्पष्टीकरण लागू पडावे.

अनिर्णित बाबी

वादाची आजची स्थिती पाहता काही बाबी तहकूबच ठेवाव्या लागतात. पहिली ही की सर्व पक्षांचे पुरावे घटनेनंतरचे आहेत. 'पीके' (२०१४) मधील परग्रहवासी राजस्थानात उतरतो, त्याचे यान बोलाविण्याचे साधन चोरीला जाते आणि ते कोणी देवाच्या नावाने बाळगून बसते. 'जोकर' (२०१२) मधील विस्मृत खेडे स्वतःकडे लक्ष वेधण्यासाठी परग्रहवासीयांचे सोंग आणते. पहिला अपूर्व यशस्वी, दुसरा साफ अयशस्वी, हे कळल्यावर पहिल्यात एकच असंभव आणि सुसूत्र नियम होता व दुसऱ्यात सर्वच वेडेपणा होता असे म्हणणे सोपे आहे. दोन्ही पटकथा कागदावर असताना, निकाल ठाऊक नसताना, कोणत्या पक्षाच्या कसोटीने तो फरक खात्रीने सांगितला असता, याचे उत्तर कोणी दिलेले नाही. नियमाचा पक्ष मला या कामी इतरांपेक्षा सरस वाटतो. पण 'थिंग्ज टु कम' आठवले की तोही हमी देत नाही.

दुसरी बाब प्रेक्षकाच्या बदलत्या परिचयाची. १९९४ साली ज्या पिढीने 'जुरासिक पार्क' डोळे विस्फारून पाहिला तिची मुले आज हातातील फोनवर घरबसल्या असंख्य करामती पाहतात. दृश्याची नवलाई संपल्यावर कथेची मागणी वाढते असे काहींचे अनुमान आहे, तर नवलाई अधिकाधिक मोठी हवी असते असे इतरांचे. गेल्या काही वर्षांतील दाखले दोन्ही बाजूंना पुरतात. त्यात 'कार्गो'सारखे चित्रपट थेट घरातील पडद्यावर गेल्याने तिकिटांचा पुरावाही नाहीसा झाला आहे.

तिसरी बाब आपली स्वतःची. मराठीत विज्ञानकथा इतकी संपन्न असताना मराठी विज्ञानपट का नाही, यावर नेहमीचे उत्तर खर्चाचे. ते निम्मे खरे आहे. २००४ साली सनडान्स महोत्सवात अग्रपारितोषिक मिळविणारा 'प्रायमर' हा कालप्रवासाचा चित्रपट सुमारे सात हजार डॉलरांत झाला होता, आणि त्यातील यंत्र म्हणजे घराच्या गॅरेजमध्ये जुळवलेली एक पेटी होती. 'कार्गो'चाही संसार आटोपशीरच आहे. दुसरे उत्तर असे की मराठी विज्ञानकथेने जाणीवपूर्वक पत्करलेली शास्त्रनिष्ठा आणि मराठी चित्रपटाने यशस्वी करून दाखविलेला देवी-मंत्रांचा मार्ग यांत मेळ बसत नाही. हे उत्तर अधिक विचारार्ह आहे, परंतु तेही पुरते नाही. कारण नारळीकरांच्या 'वामन परत न आला' या कादंबरीत जमिनीखालून निघालेल्या प्राचीन पेटीतील ज्ञानावर यंत्रमानव उभा राहतो, आणि त्याला नाव मिळते ते बळीला पाताळात घालणाऱ्या बटूचे. शास्त्र आणि पुराण ही दोन्ही तारणे तेथे एकाच दस्तावर आहेत. कऱ्हाडच्या संमेलनाला पन्नास वर्षे होऊन गेली, आणि ज्या वर्षी ती पुरी झाली त्याच २०२५ च्या मे महिन्यात नारळीकर गेले. अशा दस्तावर रक्कम उचलणारा मराठी निर्माता पुढे आल्यावाचून चारांपैकी कोणत्या पक्षाचा दावा आपल्या मुलखात टिकतो, हे ठरविण्यास पुरेसा पुरावा जमणार नाही.